समुद्राच्या कलाने : अंदमानच्या पहिल्या प्रवासाचा आढावा

प्रवासाचा बेत आखणे ही एक कला आहे असे आपण सहज म्हणून जातो; परंतु ज्याने आजवर महाबळेश्वर, पंढरपूर, काशी किंवा फार तर काश्मीर एवढ्याच दिशांना बेत आखले आहेत, त्याला उष्णकटिबंधातील एखाद्या बेटाकडे पहिल्यांदा निघताना या कलेचे सारे आडाखे नव्याने बसवावे लागतात, ही गोष्ट निघण्यापूर्वी फारच थोड्यांच्या ध्यानात येते. जमिनीवरच्या प्रवासात गाडी चुकली तर दुसरी मिळते आणि रस्ता बंद असला तर आडरस्ता सापडतो. बेटाभोवती मात्र पाणी असते, आणि त्या पाण्यावर कोणाचाही हुकूम चालत नाही. अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या अलीकडे पुष्कळ वाढली असून, यात्रा कंपन्यांची 'पाच रात्री, सहा दिवस' अशी ठरीव वेळापत्रके घेऊन ही मंडळी जातात आणि बहुतेक आनंदाने परतही येतात. तरी ती वेळापत्रके वाचताना मला नेहमी असे वाटते की त्यांत स्थळांची यादी आहे, परंतु समुद्र नाही. प्रस्तुत आढाव्याचा हेतू बेटाच्या प्रवासाचा बेत कसा आखावा या प्रश्नाचा सर्व अंगांनी विचार करावा एवढाच आहे.

प्रथम बेटाची निवड. भारतीय प्रवाशापुढे सामान्यतः तीन पर्याय असतात : मालदीव, लक्षद्वीप आणि अंदमान. मालदीव हे परराष्ट्र आहे, आणि तेथील विश्रामस्थाने बहुधा एकेका स्वतंत्र बेटावर वसलेली असल्यामुळे प्रवासी एकाच ठिकाणी राहतो व तेवढेच पाहतो. विश्रांतीसाठी ते उत्तम, प्रवासासाठी अपुरे. लक्षद्वीपची बेटे प्रवाळाची, सपाट आणि इतकी चिमुकली की सर्व मिळून क्षेत्रफळ अवघे 32 चौरस किलोमीटर भरते. तेथे जावयास भारतीय नागरिकालाही आगाऊ प्रवेश-परवाना काढावा लागतो आणि मुख्य वाट कोचीवरून आहे. अंदमान याहून सर्वस्वी निराळे. अंदमान व निकोबार मिळून क्षेत्रफळ 8,249 चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा फार मोठा भाग घनदाट अरण्याने आच्छादलेला आहे. ही बेटे म्हणजे ब्रह्मदेशापासून सुमात्र्यापर्यंत समुद्राखालून गेलेल्या एका पर्वतरांगेची पाण्यावर उरलेली शिखरे होत. त्यांपैकी निकोबार पर्यटकांस खुले नाही. श्रीविजयपुरम् म्हणजे 2024 पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, तेथील विमानतळ आणि आसपासची बेटे येथे जावयास मात्र भारतीयास वेगळ्या परवान्याची गरज पडत नाही. अरण्य, इतिहास, प्रवाळ आणि पुळण ही चारही एकाच प्रवासात देणारे दुसरे ठिकाण आपल्या देशात नाही. म्हणून पहिल्या बेटयात्रेसाठी माझा कौल अंदमानला आहे.

ऋतूचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळला पोहोचण्यापूर्वीच, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंदमानला पोहोचतात, आणि ते ओसरतात न ओसरतात तोच ईशान्येकडचा पाऊस सुरू होतो. कोकणात पाऊस म्हणजे चार महिन्यांचा पाहुणा. अंदमानात तो वर्षातील सात-आठ महिने घरचाच असतो. शिवाय बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, विशेषतः मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असा पडतो. डिसेंबर 2016 मध्ये अशाच एका वादळी हवेमुळे बोटी बंद पडून हॅवलॉक व नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते, आणि त्यांना सोडविण्यासाठी नौदल व तटरक्षक दलाची जहाजे पाठवावी लागली. दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा आपल्याकडचा प्रघात म्हणूनच अंदमानच्या बाबतीत तितकासा हितावह नाही. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आकाश स्वच्छ, समुद्र शांत आणि पाणी नितळ असते. ज्याला रजा मिळविणे शक्य आहे त्याने ती याच काळात मिळवावी.

आता अशी एक गोष्ट, जी वेळापत्रकांत कोठेही लिहिलेली नसते आणि जिच्यावाचून सारे वेळापत्रक कोसळते. मुंबई सुमारे 72 अंश 50 कला पूर्व रेखांशावर आहे आणि श्रीविजयपुरम् 92 अंश 44 कलांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या सूर्यात जवळजवळ ऐंशी मिनिटांचे अंतर पडते, परंतु घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. परिणाम असा की डिसेंबरच्या अखेरीस तेथे सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. मुंबई-पुण्याकडचा माणूस सवयीने नऊला न्याहारी करतो, दहाला बाहेर पडतो, दुपारी जेवून वामकुक्षी घेतो आणि चारच्या चहानंतर "आता समुद्रावर जाऊ" असे म्हणतो, तेव्हा त्या दिवसाचा केवळ तासाभराचा उजेड शिल्लक राहिलेला असतो. हॅवलॉक बेटावरील राधानगरच्या किनाऱ्यावर मी अशी कितीतरी कुटुंबे पाहिली, जी पाच वाजून गेल्यावर घाईघाईने गाडीतून उतरत होती, मुले पाण्याकडे धावत होती, आणि रक्षक शिट्ट्या वाजवून सर्वांना पाण्याबाहेर काढत होते. त्या मुलांचे हिरमुसलेले चेहरे मला अजून आठवतात. अंदमानात दिवस पहाटे पाचला सुरू करावा आणि दुपारी चारच्या आत पाण्यातली सारी कामे उरकावीत. मग राधानगरच्या पश्चिमाभिमुख पुळणीवर, ज्यांना तेथील लोक सी-महुआ म्हणतात त्या उंच वृक्षांच्या सावलीत बसून सूर्यास्त स्वस्थपणे पाहता येतो. 'टाइम' नियतकालिकाने 2004 मध्ये या पुळणीला आशियातील सर्वोत्तम ठरविले होते. पाणी, वाळू आणि अरण्य यांचा तेथील संगम पाहिल्यावर त्या निवाड्यात मला अतिशयोक्ती दिसली नाही.

सूर्यापाठोपाठ चंद्राचा विचार करावा लागतो. आपल्या किनाऱ्यावरचा कोळी पंचांग उघडतो आणि तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगतो : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा आडाखा मुंबईच्या समुद्रासाठी बसविलेला असल्याने अंदमानला जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु त्यामागील तत्त्व तेच आहे. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, अंदमानात सुमारे दोन मीटर. पण किनारा उथळ व प्रवाळाचा असल्यामुळे तेवढ्या फरकानेही सारे दृश्य पालटते. शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील, येथील लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर प्रवाळखडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंत ओहोटीतच जाता येते, आणि ओहोटीत गेले म्हणजे कमानीपेक्षाही वाटेतली डबकी अधिक रमणीय वाटतात. घोट्याएवढ्या पाण्याच्या एका डबक्यात मी जवळजवळ अर्धा तास उकिडवा बसून राहिलो होतो : तळाशी काळी समुद्रकाकडी निश्चल पडलेली, खडकाच्या सांदीतून एक निळसर मासा बाहेर येऊन पुन्हा आत जाणारा, आणि काठावर एक शंखवासी खेकडा आपल्याहून मोठा शंख ओढीत चाललेला. उलट, त्याच बेटावरील भरतपूरच्या किनाऱ्यावर जलक्रीडेच्या हौसेने ओहोटीच्या वेळी जाणारास पाण्याऐवजी टोकदार खडकच भेटतात. यासाठी मुक्कामाच्या तारखा नक्की करण्यापूर्वी तिथी पाहावी, आणि बेटावर पोहोचताच यजमानाला "उद्या पाणी केव्हा उतरते?" हा प्रश्न सर्वांआधी विचारावा. त्या बेटांवरचा भाजीविक्या आणि रिक्षावालादेखील त्याचे उत्तर बिनचूक देतो.

तिसरी गोष्ट बोटीची. श्रीविजयपुरम् ते स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक, हे अंतर खासगी वेगवान बोटी दीड तासात तोडतात आणि सरकारी बोटी अडीच तासांत. सरकारी बोट स्वस्त, तिच्यात उघड्यावर उभे राहून वारा खाता येतो, आणि बेटावरचे लोक कोंबड्या, भाजीच्या करंड्या व पत्र्याच्या पेट्या घेऊन तिच्यातूनच ये-जा करतात; ज्याला बेटाचे जीवन पाहावयाचे आहे त्याने एक फेरी तरी तिनेच करावी. मात्र हवा बिघडली म्हणजे कोणतीही बोट सुटत नाही, आणि कधी कधी ती सुटणार नाही हे धक्क्यावर पोहोचल्यानंतरच कळते. आमच्या पहिल्या प्रवासात ज्या मध्यस्थाने आमची तजवीज केली होती त्याने परतीची बोट सकाळी नऊची आणि विमान त्याच दुपारचे असे गणित मांडले होते. बोट तीन तास उशिरा सुटली, विमान गेले, आणि नवी तिकिटे काढण्यात मुलांच्या हौसेसाठी राखलेले सारे पैसे संपले. त्या दिवशी मला कळले की बेटाच्या प्रवासात एक दिवस रिकामा ठेवणे ही उधळपट्टी नसून तोच खरा विमा होय. पाण्याखाली श्वसनयंत्र लावून उतरण्याची, म्हणजे स्कूबाची, ज्यांना इच्छा आहे त्यांच्या बाबतीत तर हा दिवस प्रकृतीसाठीच आवश्यक ठरतो. कारण तशी बुडी मारल्यानंतर किमान अठरा तास विमानात बसू नये असा सर्वसाधारण संकेत आहे. पाण्याच्या दाबाखाली रक्तात विरघळलेला नत्रवायू हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो, आणि विमानाच्या उंचीवरील कमी दाबात तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडला तर जिवावर बेतते.

पाण्याखालचे जग हे अंदमानचे सर्वांत मोठे वैभव असून तेच सर्वांत नाजूकही आहे. 1998, 2010 आणि 2016 या वर्षी समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापल्याने तेथील प्रवाळ पांढरे पडले, आणि पुष्कळसे पुन्हा सजीव झाले नाहीत. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान 1983 मध्ये स्थापन झाले. त्यातील जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे आलटून पालटून खुली ठेवतात, म्हणजे एकावर माणसांचा वावर असताना दुसऱ्याला उसंत मिळते. धक्क्यावर प्रत्येक पिशवी उघडून पाहतात, प्लॅस्टिकची पिशवी वा वेष्टन काढून घेतात, आणि पाण्याच्या बाटल्या अनामत रक्कम घेऊन मोजून देतात व परतताना मोजून घेतात. या तपासणीचा कित्येकांना कंटाळा येतो. मला मात्र ती पाहून समाधान वाटले, कारण सरकारी बंदोबस्त इतक्या चोखपणे पाळला गेलेला आपल्याकडे क्वचितच दृष्टीस पडतो. प्रवाळ, मग तो जिवंत असो वा किनाऱ्यावर वाहून आलेला मृत तुकडा असो, सोबत आणणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. विमानतळावर सामान तपासले जाते आणि मुलांनी कौतुकाने वेचलेला खडा बापाच्या पेटीत सापडला तर जाब बापालाच द्यावा लागतो. पाण्यात शिरताना प्रवाळावर पाय ठेवू नये, हेही मुलांना घरीच शिकवून न्यावे. खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असलेल्या खाड्यांपाशी फलक लावलेले असतात. 2010 मध्ये राधानगरजवळ एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला होता, तेव्हा त्या फलकांना शोभेचे समजू नये.

मराठी प्रवाशाच्या बाबतीत या सर्वांच्या आधी एक दर्शन येते. अंदमान हा शब्द आपल्याकडे पुळणीमुळे नव्हे, काळ्या पाण्यामुळे घरोघर पोहोचला. 1896 ते 1906 या दहा वर्षांत बांधलेला सेल्युलर जेल हा सात लांबलचक चाळींचा होता, मध्ये एक मनोरा, आणि प्रत्येक चाळीचे तोंड पुढच्या चाळीच्या पाठीकडे, जेणेकरून एका बंदिवानाला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. आज त्यांपैकी तीनच उभ्या आहेत. 'महाराजा' नावाच्या आगबोटीतून विनायक दामोदर सावरकर 4 जुलै 1911 रोजी येथे आणले गेले. त्यांचे वडील बंधू बाबाराव त्याच तुरुंगात आधीपासून होते. 1921 मध्ये दोघांनाही हिंदुस्थानात परत आणण्यात आले. माणसाला बैलाच्या जागी जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढावयास लावणारा कोलू तेथे ठेवलेला आहे. सावरकरांच्या कोठडीत उभे राहिल्यावर पहिली जाणीव होते ती तिच्या लांबी-रुंदीची नव्हे; साडेतेरा फूट बाय साडेसात फूट हे आकडे आपण वाचलेले असतात. जाणीव होते ती दाराच्या कडीची : गजांच्या दाराबाहेर भिंतीत दूरवर कोनाडा करून त्यात अडसर बसविलेला आहे, आणि आतून कितीही हात लांबवला तरी तो तेथपर्यंत पोहोचत नाही. ज्याने सावरकरांचे 'माझी जन्मठेप' वाचले आहे त्याने जाण्यापूर्वी ते पुन्हा वाचावे, आणि जेलसाठी तासभर नव्हे, अख्खी सकाळ राखावी. समोरचे रॉस बेट, आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हे ब्रिटिश अंमलदारांचे ठाणे होते. वडाच्या मुळांनी गिळलेल्या तेथील इमारती दुपारच्या फेरीत पाहून होतात. ठिकठिकाणचे सुट्टीचे वार निरनिराळे असतात. ते आधी विचारून घ्यावेत.

या बेटांचा दुसराही एक इतिहास आहे, आणि त्याविषयी मला स्पष्ट लिहावयाचे आहे. श्रीविजयपुरम्‌हून उत्तरेस जाणारा ट्रंक रोड जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा तांडा करून, ठराविक वेळी, पोलीस बंदोबस्तात त्या सोडतात. थांबण्यास, छायाचित्र घेण्यास, खाद्यपदार्थ देण्यास मनाई आहे. जारवांची संख्या काही शे एवढीच आहे. बाहेरच्या जगाशी त्यांचा सलोख्याचा संबंध 1997-98 पासूनचा, आणि त्यानंतर 1999 व 2006 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. ज्या ग्रेट अंदमानी लोकांच्या भूमीत 1858 मध्ये बंदिवानांची वसाहत वसली त्यांची त्या काळी हजारांत असलेली संख्या आता साठाच्या आतबाहेर उरली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये या रस्त्याचे राखीव अरण्यातील भाग बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता मात्र वाहताच राहिला. बारतांगच्या चुनखडीच्या गुहा व चिखलाचा ज्वालामुखी पाहण्यासाठी म्हणून पर्यटकांच्या गाड्या रोज पहाटे तेथून जातात, आणि कित्येकांचे डोळे गुहांपेक्षा रस्त्याच्या कडेला माणसे दिसतात का याकडे लागलेले असतात. माणसाने माणसाला असे पाहू नये. उत्तर अंदमानच्या रहिवाशांना दवाखान्या-कचेरीसाठी तो रस्ता लागतो. पर्यटकाला तो लागत नाही. पहिल्या प्रवासात बारतांग वगळावे असे मी निक्षून सांगेन, आणि दुसऱ्या प्रवासातही.

मग किती दिवस आणि कोठे? माझ्या हिशेबाने आठ रात्री पुरेशा होतात. पहिल्या दोन श्रीविजयपुरम्‌ला, त्यात जेल, रॉस आणि वंडूर. वंडूरच्या वाटेवर सिप्पीघाटापाशी 2004 च्या भूकंपात जमीन सुमारे एक मीटर खचल्याने समुद्राने गिळलेली भातखाचरे दिसतात, तेथे गाडी थोडी थांबवावी. पुढच्या तीन रात्री स्वराज द्वीपावर. हे बेट पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसविले. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर ही नावे त्यांच्या वसाहतीची असली तरी बेटावर ही गावे अजून आकड्यांनीच, म्हणजे तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर अशी ओळखली जातात, आणि रिक्षावाल्याला नावापेक्षा आकडा लवकर कळतो. त्यानंतर दोन रात्री शहीद द्वीपावर, सायकल भाड्याने घेऊन. शेवटची रात्र पुन्हा श्रीविजयपुरम्‌ला. दिगलीपूर, तेथील 732 मीटर उंचीचे सॅडल पीक आणि कालीपूरच्या किनाऱ्यावर अंडी घालावयास येणारी कासवे ही सारी दुसऱ्या प्रवासासाठी ठेवावीत. एका आठवड्यात सगळे बेट 'करण्याचा' हट्ट धरणारे लोक अर्धा प्रवास धक्क्यावर सामान राखण्यात घालवतात. खाण्यापिण्याचा प्रश्न बिकट नाही. बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडचे आणि ब्रह्मदेशातले करेन असे नाना लोक तेथे राहतात व सर्वांची व्यवहाराची भाषा हिंदी आहे. शाकाहाऱ्यास डाळ-भात, भाजी व शहाळी सर्वत्र मिळतात. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून तार टाकली गेल्यापासून दूरसंपर्क सुधारला असला, तरी लहान बेटांवर रोख रक्कम जवळ बाळगणेच बरे. बोट लागणाऱ्यांनी गोळी बोटीत चढण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

आरक्षणाचा क्रमही आपल्या नेहमीच्या पद्धतीहून उलटा ठेवावा. आपण विमानाचे तिकीट आधी काढतो, मग हॉटेल ठरवतो आणि बोटीचा विचार शेवटी करतो. प्रथम तिथी पाहून तारखा नक्की कराव्यात. त्या तारखांच्या बोटी कधी सुटतात व जागा केव्हा खुल्या होतात याची चौकशी करावी. मगच विमान व मुक्काम यांची तजवीज करावी. आणि वेळापत्रकात काटछाट करावीच लागली, तर एखादा किनारा खुशाल गाळावा, पण परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा श्रीविजयपुरम्‌चा मुक्काम कोणत्याही परिस्थितीत गाळू नये.